दिवा गार होईपर्यंत

आमच्या ह्यांनी माझ्या वाळूच्या पिशव्या धुतल्या, तेव्हाच मी ओळखलं की आजचा दिवस काही धड जायचा नाही.

आता तुम्ही म्हणाल, फोटो काढायला वाळूच्या पिशव्या कशाला हव्यात? हा प्रश्न मला सारखं कोणी ना कोणी विचारतं आणि दर वेळी माझं डोकं फिरतं. अहो, स्टुडिओतला दिवा म्हणजे काय टेबलावरचा दिवा वाटला? तीन पायांचा उंच स्टँड, त्याच्यावर जड दिवा, दिव्याच्या तोंडाला कापडाचा हा एवढा थोरला डबा, उजेड मऊ पडावा म्हणून. सगळं वजन वर आणि खाली नुसत्या काड्या. कोणाचा पाय वायरीत अडकला, कोणी शहाणा टेकून उभा राहिला, की धाडकन गिऱ्हाइकाच्या टाळक्यात. म्हणून स्टँडच्या पायावर वाळूची पिशवी ठेवायची. पिशवी नाही, तर दिवा नाही. वायर जमिनीला चिकटपट्टीनं चिकटवायची. ओल्या हातानं प्लगला हात लावायचा नाही. हे माझे नियम, आणि ते मी मोठ्या अक्षरात पाटीवर लिहून दारातच लावलेत. बाकीचे फोटोग्राफर मला पाठीमागे वाळूबाई म्हणतात. म्हणू देत. त्यांच्यातल्या एकाच्या कपाळावर स्वतःच्याच दिव्यानं पडलेले टाके आहेत, मी कधी काही बोलते का?

तर आमचे हे. नोकरीतून निवृत्त झाल्यापासून ह्यांना स्वच्छतेचं भूत लागलंय. आधी डबे घासले, मग खिडक्यांचे गज, मग माझ्या कॅमेऱ्याच्या बॅगेचे बंद. त्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन गॅलरीत गेले, तर दोरीवर माझ्या सगळ्या पिशव्या चिमटे लावून लटकत होत्या आणि त्यातून टपटप पाणी गळत होतं.

"अहो, हे काय केलंत?"

"किती कळकट झाल्या होत्या गं," हे एकदम खुशीत म्हणाले. "आणि आत काय होतं माहितीये? नुसती माती."

"वाळू होती ती!"

"तेच म्हणतोय मी. सगळी काढून टाकली."

मी चहाचा कप तिथंच ठेवला आणि मागच्या अंगणात धावले. वाळूचा मस्त ढीग होता. ढिगावर आळीतली सगळी मांजरं जमली होती, आणि ती तिथं काय करत होती ते मी सांगायला नको. एक बोका तर नेमका अर्ध्यात होता. मी न विचारता बाथरूमचं दार उघडल्यासारखं त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी मुकाट्यानं मागे फिरले.

दुसरं कुणाचं काम असतं, तर मी फोन करून सरळ रद्द केलं असतं. पण काम होतं मावशींचं, आणि मावशी तोपर्यंत माझ्या जिन्याच्या निम्म्यावर आल्यासुद्धा होत्या.

ह्या मावशी माझ्या कोणी सख्ख्या नव्हेत. रस्त्याच्या टोकाला त्यांचं शिवणकामाचं दुकान होतं, त्यामुळे त्या सगळ्यांच्याच मावशी. आता वय झालं, दुकान बंद केलं, आणि मोठं घर झेपेना म्हणून छोटी खोली भाड्यानं घेतली. खोली चांगली आहे, हवेशीर आहे, पण घरमालक एक नंबरचा खडूस. भिंती नुकत्याच रंगवल्यात म्हणून त्यानं बजावलं, खिळा ठोकायचा तर एकच. दुसरा ठोकलात तर सामान बाहेर.

आणि मावशींना मुलगे दोन.

जुन्या घरात काही अडचण नव्हती. एका भिंतीवर थोरल्याबरोबरचा फोटो, समोरच्या भिंतीवर धाकट्याबरोबरचा. दोघं एका फोटोत कधी यायचेच नाहीत, कारण ते एकमेकांशी बोलतच नाहीत. आता खिळा एक. एकाला भिंतीवर लावायचं म्हणजे दुसऱ्याला पेटीत घालायचं. मावशी काम सांगायला माझ्याकडे आल्या होत्या तेव्हा खुर्चीत बसून म्हणाल्या होत्या, "तूच सांग बाई, कुठल्या पोराला पेटीत घालू?" त्यांना दोघांबरोबरचा एक फोटो हवा होता, बस्स. आणि फोटोच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी त्यांचं सामान हलणार होतं.

आता हे भांडण कशावरून, तेही ऐका. जमिनीवरून नाही, पैशावरून नाही, बायकांवरून तर नाहीच. कपाटावरून. तेही कपाट कोणी घ्यायचं म्हणून नव्हे. त्यांच्या वडिलांचं जुनं लाकडी कपाट दोघं भाऊ मिळून जिन्यावरून खाली आणत होते. थोरला वर, धाकटा खाली. वळणावर कपाट सुटलं. ते घसरत घसरत गेलं ते शेजाऱ्यांच्या उघड्या दारातून थेट त्यांच्या जेवणाच्या टेबलाशी जाऊन थांबलं. कोणाला लागलं नाही, पण कपाटाचा आरसा फुटला आणि शेजाऱ्यांची आमटी सांडली. थोरला म्हणाला, धाकट्यानं आधी सोडलं. धाकटा म्हणाला, दादानं आधी सोडलं. त्या दिवसापासून जे तोंड फिरवलंय ते फिरवलंच. आणि म्हणे बायका रुसतात!

मावशी वर आल्या, धापा टाकत खुर्चीत बसल्या. नवी शाल, केस चापून चोपून बसवलेले.

"मावशी, दोघं येणार आहेत ना?"

"येणार आहेत. थोरल्याला सांगितलंय, धाकटा येऊन गेलाय. धाकट्याला सांगितलंय, थोरला येऊन गेलाय."

"आणि इथं समोरासमोर आल्यावर?"

"तू फक्त दोघांना आत घे. पुढचं मी बघते," मावशी म्हणाल्या. त्यांना पुढचं काहीच सुचलेलं नव्हतं हे मला नंतर कळलं.

दोघं एकदमच आले. थोरला बेकरीवाला, अंगानं असा भरभक्कम की तो दारातून आत आला की खोली लहान होते. धाकट्याचं चष्म्याचं दुकान. तो शिडशिडीत, ताठ, आणि बोलताना समोरच्याच्या डोळ्यांचा नंबर तपासल्यासारखा बघणारा. जिन्यात एकमेकांना पाहून दोघांचेही चेहरे एरंडेल प्यायल्यासारखे झाले होते. परत फिरायला दोघंही तयार होते, पण जिना अरुंद. आधी वाट कोणी द्यायची यावरून घोडं अडलं आणि शेवटी दोघंही वरच आले.

थोरला भिंतीकडे तोंड करून माझी नियमांची पाटी वाचत उभा राहिला. धाकट्यानं चष्मा काढला आणि पुसायला घेतला.

"मॅडम," धाकटा चष्म्याशीच बोलल्यासारखं म्हणाला, "आधी माझा आणि आईचा काढा. मग ह्यांचा काढा. नंतर कॉम्प्युटरवर जोडून टाका. होतं ना तसं?"

"होतं," मी म्हणाले.

"नाही होत," मावशी म्हणाल्या.

"आई, हल्ली सगळं होतं. कळतसुद्धा नाही."

"मला कळतं. मी जन्मभर कापडं जोडली आहेत. जोड कुठं आहे ते मला रस्त्याच्या पलीकडूनही दिसतं. मला जोडलेला फोटो नको."

थोरल्यानं पाटीवरचा पहिला नियम पुन्हा वाचायला घेतला. शेवटी मावशीच म्हणाल्या, बरं, धाकट्यापासून सुरू तर कर. मला वाटलं, बाईच्या मनात काहीतरी आहे. काही नव्हतं. वेळ काढत होत्या.

मी समोरच्या भिंतीत पक्का बसवलेला छोटा दिवा लावून पाहिला तर दुसरंच दुखणं निघालं. मावशींचा चष्मा जाड. कुठूनही दिवा लावा, काचा लखलखायच्या आणि डोळ्यांच्या जागी दोन पांढरे ठिपके.

"चष्मा काढता का मावशी?"

"काढला तर पोरं दिसायची कशी मला?"

"आईचा चष्मा मी स्वतः बनवलाय," धाकटा ताठ होत म्हणाला. "काच उत्तम आहे."

"म्हणून तर चमकते," थोरला पाटीला म्हणाला.

अशा चष्म्याला एकच उपाय. दिवा बरोबर डोक्याच्या वर न्यायचा, म्हणजे काचेत दिसत नाही. त्यासाठी माझ्याकडे आडवा दांडा आहे. मोठ्या स्टँडवर तो मधोमध बसवायचा, पुढच्या टोकाला दिवा आणि डबा, मागच्या टोकाला वजन. तराजूच म्हणा ना. आणि ते वजन म्हणजे काय? वाळूची पिशवी. आणि वाळूच्या पिशव्या कुठं होत्या? दोरीवर, चिमटे लावून.

मी हात जोडले. "मावशी, आज जमायचं नाही. वजनाशिवाय मी हा दांडा कोणाच्या डोक्यावर नेणार नाही. वाळू नाही माझ्याकडे."

"का?"

"विचारू नका."

दोघं भाऊ लगेच निघालेच. दोघांनाही सुटल्यासारखं झालं होतं. धाकट्यानं तर जिन्याच्या दाराला हातसुद्धा लावला. मावशींनी फक्त शाल नीट केली, पुन्हा नीट केली, आणि खिळा धरल्यासारखी दोन बोटांची चिमूट करून तशाच बसून राहिल्या. मी रागीट आहे, मान्य, पण दगड नाही. हे दोघं आज खाली उतरले की पुन्हा एका खोलीत यायचे नव्हते हे मलाही कळत होतं.

आणि तेवढ्यात माझी नजर बेकरीवाल्यावर गेली. वरपासून खालपर्यंत पाहिलं मी त्याला. वजन ते वजन, मी मनाशी म्हटलं.

"तुम्ही," मी म्हणाले, "इकडे या."

"मी?"

"तुम्हीच. अंगठी काढा. घड्याळ काढा. हात कोरडे आहेत का? दाखवा. हा दांडा मागून दोन्ही हातांनी असा धरायचा, एक पाय स्टँडच्या पायावर असा ठेवायचा, आणि मी सांगेपर्यंत हलायचं नाही. आता तुम्ही वाळूची पिशवी आहात."

"आणि नाक खाजलं तर?"

"पिशवीला नाक नसतं."

थोरला आईकडे बघून तयार झाला. मी वायर चिकटवली, मधला स्क्रू आवळला, दांडा हळूहळू वर नेला. दिवा बरोबर मावशींच्या डोक्यावर आला, तसा मी तो लावला. चष्मा स्वच्छ, डोळे दिसतायत, शालीचा रंग खुललाय. थोरला खांबासारखा उभा. मी स्वतःवरच खूश झाले. आता बोलून काय उपयोग, पण वाळूच्या पिशवीला राग येत नाही, एवढी साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली नाही.

धाकटा आईशेजारी उभा राहिला. मी कॅमेरा डोळ्याला लावला.

"हनुवटी जरा वर घे, आई," धाकटा म्हणाला.

"खाली," मागून आवाज आला. "आई खालीच चांगली दिसते."

"मॅडम, तुमची पिशवी बोलतेय."

"आई, त्याला सांग, चाळीस वेळा हनुवटी वर करून तुझी मान दुखेल."

"आई, त्यांना सांग, निदान आज तरी त्यांच्या वजनाचा काही उपयोग झालाय, तेवढाच होऊ द्या म्हणावं."

मी म्हणाले, "अहो, गप्प बसा!" पण तोवर नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या. थोरल्यानं एक हात सोडला आणि बोट रोखलं. "वजन काढतो? वजन? त्या दिवशी माझ्या वजनावरच अख्खं कपाट—" आणि अख्खं कपाट केवढं होतं ते दाखवायला त्यानं दुसराही हात पसरला.

झालं! दांड्याचं मागचं टोक वर गेलं, पुढचं खाली आलं. मधला स्क्रू करकरला आणि त्याचे आटे गेले. एवढा मोठा कापडाचा डबा मावशींच्या डोक्यावर उतरायला लागला.

मी कॅमेरा सोडून दिला, तो गळ्यात लोंबकळला. आधी वीज! धावत जाऊन भिंतीवरचं बटण बंद केलं. मागे वळून बघते तर धाकट्यानं उडी मारून दांडा दिव्याच्या मागे धरला होता आणि तो जिवाच्या आकांतानं ओरडत होता, "दादा, धर! दादा!"

आणि दादानं धरलं. मागचं टोक त्यानं छातीशी कवटाळलं आणि एक गुडघा जमिनीला टेकवून तो तिथंच रुतला. डबा मावशींच्या केसांना टेकून थांबला. मी मावशींना खुर्चीसकट ओढून पुढे बाजूला घेतलं.

"काढलास?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"फोटो! दोघं एकदम समोर होते ना!"

"मावशी, तुमच्या डोक्यात दिवा पडत होता!"

"पडला का? नाही ना? मग काढायचास की! कशाला दुकान उघडून बसलीयेस?"

आता ह्या बाईला काय म्हणायचं सांगा. मी जीव वाचवला आणि वर मीच ऐकून घेतलं. पण दुसरीकडे बघितलं तर त्यांचं बरोबरही होतं. दोघं अजून तसेच होते. स्क्रू गेल्यामुळे दांडा नुसता सैल पडला होता. एकानं सोडलं तर दुसऱ्याच्या अंगावर येणार. पळायची सोय कुणालाच नव्हती.

"मग आता काढ," मावशी म्हणाल्या.

"अहो दिवे बंद केलेत मी. उजेड कुठाय?"

"तो पडदा कसला?"

तो पडदा खिडकीचा होता. काळा, जाड, ओढलेला. बाहेरचा उजेड आत येऊन माझ्या दिव्यांच्या कामात नाक खुपसायला नको म्हणून मी तो कित्येक वर्षांत उघडलाच नव्हता. खिडकी आहे हेच विसरले होते म्हणा ना. मी तो खर्रकन बाजूला ओढला. धूळ पडली, मला शिंका आल्या, आणि खोलीत बाजूनं असा काही छान, शांत उजेड आला की मी शिंकायची थांबले. मावशींच्या चष्म्यात काहीसुद्धा चमकत नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा! एवढे दिवे, एवढे स्टँड, एक माणूस पिशवी केला, आणि उजेड खिडकीच्या बाहेर उभा होता.

"मॅडम, आधी आम्हाला सोडवा," धाकटा दातओठ खात म्हणाला.

"इकडे बघा," मी म्हणाले.

मी फोटो काढला. पुढे खुर्चीत मावशी, हनुवटी वरही नाही आणि खालीही नाही. मागे एका बाजूला थोरला गुडघ्यावर, दुसऱ्या बाजूला धाकटा हात वर करून, आणि दोघांच्या मधे तो दांडा. दोघांच्याही चेहऱ्यावर घाम. धंद्याच्या दृष्टीनं सांगायचं तर असा फोटो मी गिऱ्हाइकाला दाखवतसुद्धा नाही. मावशींना कॅमेऱ्याच्या पडद्यावर दाखवला. त्यांनी तो नाकाजवळ धरला, बोटानं दोघांच्या मधली जागा चाचपली, जणू तिथं जोड सापडतोय का बघत होत्या. नाही सापडला.

"हाच," त्या म्हणाल्या. डोळे भरून आले होते त्यांचे. चष्म्याआड सगळं दिसत होतं.

"झालं ना आता?" थोरला म्हणाला. "ठेवू का खाली?"

"खबरदार!" मी ओरडले.

कारण आता खरी गोम होती. हा दिवा जळून जळून तव्यासारखा तापतो. गरम असताना काचेला धक्का लागला तर ती फुटून तुकडे अंगावर उडतात, आणि डबा काढायचा तर हात त्या काचेजवळून घालावा लागतो. म्हणून दिवा बंद केला तरी तो गार होईपर्यंत हलवायचा नाही, ठोकायचा नाही, उतरवायचा नाही. मी हे सगळं त्या दोघांना खडसावून सांगितलं.

"म्हणजे असंच उभं राहायचं?"

"असंच."

"तुम्ही धरा ना एक टोक," धाकटा म्हणाला.

"माझी उंची बघितलीत का? स्टुलावर चढून वजन धरायचं नाही, हाही नियमच आहे. वाचा पाटी."

"वाचली आहे," थोरला म्हणाला. "सगळी पाठ झालीये."

खाली रस्त्यावर कोणाची तरी सायकल गेली. मावशींनी हात मांडीवर ठेवले होते. थोरला छताकडे बघत होता, धाकटा जमिनीकडे. एका दांड्याच्या दोन टोकांना असले महाभाग मी जन्मात पाहिले नव्हते.

"आई," थोरला थोड्या वेळानं म्हणाला, "त्याला विचार, पुढचं टोक खाली का जातंय."

"मी इथंच आहे," मावशी म्हणाल्या, "आणि तोही इथंच आहे. मला मधे घेऊ नका. मला आता दम लागलाय."

मग थोरल्यानं घसा खाकरला.

"खाली जातंय तुझं टोक."

"जात नाहीये."

"जातंय. त्या दिवशीही असंच झालं होतं. आधी खाली गेलं आणि मग सोडलंस."

"मी सोडलं? अरे, मी खाली होतो! खालचा माणूस कपाट सोडेल का? अंगावर घेईल का स्वतःच्या?"

"मग मी सोडलं? वर मी नुसता दोरीनं धरून होतो! दोरी तू बांधली होतीस!"

"दोरी तू आणली होतीस! बेकरीतली! मैद्याच्या पोत्याची!"

मी मधे पडणार होते. एवढ्या जोरात भांडायचं तर दांडा हलतो. पण मावशींनी माझा हात धरला. त्यांच्याकडे बघितलं तर बाई अशा खुलल्या होत्या की काय सांगू. पोरं शाळेतून येऊन दप्तर टाकताक्षणी जुंपतात आणि आई आतून ऐकत असते, तशा त्या ऐकत होत्या.

"भांडतायत गं," त्या माझ्या कानात म्हणाल्या. "ऐक, एकमेकांशी भांडतायत."

भांडण दोरीवरून गाठीवर गेलं, गाठीवरून शेजाऱ्यांच्या आमटीवर, आमटीवरून शेजाऱ्यांच्या जावयावर, जो जेवता जेवता कपाट आत आलेलं बघून टेबलावर चढला होता. इथं थोरल्याला हसू आलं. त्यानं ते दाबलं, पण दांड्यातून ते धाकट्यापर्यंत गेलंच असणार, कारण धाकट्याचेही खांदे हलायला लागले.

"त्यानं वाटी सोडली नव्हती," धाकटा म्हणाला.

"टेबलावर उभा, आणि हातात वाटी."

"आणि काय म्हणाला आठवतंय? 'कोणी मागवलंय का हे?'"

दोघं खो खो हसत सुटले. डबा गदगदायला लागला, तशी मी ओरडले, "हसू नका! काच गरम आहे!" तर ते आणखीच हसले. मी मावशींकडे बघितलं, तर त्या शालीनं डोळे पुसत होत्या, हसूनही आणि रडूनही.

हसणं ओसरलं. थोरला दम खात म्हणाला, "हात भरून आला असेल तुझा."

"नाही."

"अरे, वर धरलेला हात भरून येतोच. भार इकडे दे थोडा. मी घेतो."

"तुझा गुडघा?"

"असू दे गुडघा."

धाकट्यानं जरा भार दिला. थोरल्यानं घेतला. थोड्या वेळानं धाकटाच म्हणाला, "बाबांचा आरसा होता रे तो. मला राग आरशाचा होता. दुसरं कोणी समोर नव्हतं म्हणून तुझ्यावर काढला."

"माझंही तेच," थोरला म्हणाला, आणि मग बेकरीत नवी भट्टी आणलीये तिच्याबद्दल सांगायला लागला. धाकटा तिच्या धुराबद्दल विचारायला लागला. मग बायकांची चौकशी झाली, मग पोरांची. थोरल्याच्या पोरीला चष्मा लागलाय आणि तिनं तो कुठल्या तरी भलत्याच दुकानातून घेतलाय हे ऐकून धाकट्याला खरंच वाईट वाटलं. "पाठव तिला," तो म्हणाला. "मी स्वतः बसून नंबर काढतो."

"पाठवतो. रविवारी?"

"रविवारी चालेल. तूही ये."

मी मधून मधून कडेनं डब्याच्या कापडात हात घालून बघत होते. पहिल्यांदा काचेजवळ हात नेला तर नुसत्या धगीनंच मागे घेतला. दुसऱ्यांदा बघितलं तर कोमट होती. मग भट्टीची गोष्ट रंगात आली तेव्हा पुन्हा हात घातला आणि काचेवर बोटं चक्क टेकवली. थंडगार. केव्हाचीच थंडगार झाली असणार.

"झाला का गं गार?" मावशींनी हळूच विचारलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि खुर्चीचे हात घट्ट धरले.

मागे दोघं भाऊ बोलायचे थांबले आणि माझ्याकडे बघायला लागले. धाकट्याचा हात अजून वरच होता, थोरल्याच्या गुडघ्यानं जमीन सोडली नव्हती.

"छे हो," मी बोट फुंकत म्हणाले. "चांगलाच भाजतोय अजून. धरून ठेवा."